मावशी पायरीवरून पडल्या

त्या शाळेच्या विशेष वर्गात कुणी कुणाला मारत नसे. लागायचं मात्र सगळ्यांना. मदतनीस मावशींच्या दंडावर दातांचे ठसे उमटले की त्या म्हणत, दार लागलं. गालावर ओरखडा आला की खिळा लागला. केस उपटले गेले की कंगव्यात अडकले. त्यांचा नवरा एकदा मनगटाला मलम लावता लावता म्हणाला, "तुमच्या शाळेतल्या दारांना दात आहेत वाटतं. एखाद्या दातांच्या डॉक्टरला दाखवा की!" मावशी खो खो हसल्या आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण बाह्यांचे कपडे घालून कामावर गेल्या.

हे खोटं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि खरं तर सगळ्यांनीच शिकवलं होतं. त्या वर्गातल्या मुलांना शब्द वेळेवर सापडत नाहीत, म्हणून त्यांचे हात आधी बोलतात. अशा पोराची तक्रार करायची तर कुणाकडे, आणि कशासाठी? आपलेच दात, आपलेच ओठ. एकदा का 'हे मूल मारतं' असं नावापुढे लागलं, की ते आयुष्यभर पुसलं जात नाही. म्हणून नवीन माणूस वर्गात आलं की पहिल्या दिवशी त्याला सांगायचं, टॉवेल कुठे असतात, कोण कशाला घाबरतं, आणि लागलं तर पडलो म्हणायचं. जुन्या लोकांनी मावशींना सांगितलं, मावशींनी नव्यांना.

मावशींची दुसरी ख्याती म्हणजे त्या कधी रजा घेत नसत. अंगात ताप असो, पाठ धरलेली असो, बाई हजर! लोक म्हणायचे, काय ही कामाची हौस! हौस कसली डोंबलाची? त्या रजा साठवत होत्या. त्यांची आई दूरच्या गावी थोरल्या भावाकडे असायची. सकाळी बस धरली तर दुपार उलटून जाई पोहोचेपर्यंत. आईला असा आजार जडला होता की ज्यातून माणूस उठत नाही, फक्त हळूहळू जातं. आईनं एकदा मावशींना जवळ बसवून घेतलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं. "चिमे, इथं मला काही कमी नाही. सून गुणाची आहे. पण अगदी शेवटी शेवटी तू जवळ राहा. माझं अंग पुसायला मला माझी लेक हवी." मावशींनी शब्द दिला. त्या दिवसापासून रजा म्हणजे त्यांना आईचा ठेवा वाटे, त्याला हात लावायचा नाही. घर त्यांच्याच पगारावर चालायचं. नवरा रंगारी होता. उमेदीची वर्षं रंगाच्या वासात घालवून आता त्याची छाती भाता झाली होती. बिनपगारी सुट्टी घेणं त्या घराला झेपणारं नव्हतं.

आता भिंगरीबद्दल सांगायला हवं. भिंगरी ही त्या वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. अकराव्या वर्षीच मावशींच्या खांद्याला लागलेली. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. तिला मोठा आवाज सहन व्हायचा नाही. कुणी खुर्ची ओढली तरी कान झाकायची. मावशींना ती मावशी म्हणायची, पण त्यांच्याशी त्यांच्याबद्दलच बोलायची. "मावशी आली. मावशीनं वेणी घातली." जणू मावशी शेजारच्या खोलीत आहेत आणि ती त्यांना त्यांचीच बातमी देतेय. मावशींचा जीव होता तिच्यावर. आपलं पोर नसलेल्या बाईचा जीव कुठे तरी जडतोच, त्याला कोण काय करणार?

तर एके दिवशी शाळेत नवी विजेची घंटा बसवली. जुनी हातानं वाजवायची घंटा काढून टाकली. विशेष वर्गाला आधी कळवायला मोठ्या बाई विसरल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, वाईट नव्हत्या बिचाऱ्या, पण त्यांच्या डोक्याला शंभर व्याप. मधल्या सुट्टीला मावशी भिंगरीला घेऊन जिना उतरत होत्या. अशा मुलांना जिना उतरवताना आपण नेहमी एक पायरी खाली राहायचं असतं. मूल तोल जाऊन पडलं तर आपल्यावर पडावं. मावशी तशाच, भिंगरीकडे तोंड करून, एक पायरी खाली होत्या. आणि बरोबर डोक्यावर ती नवी घंटा ठणाणा वाजायला लागली.

भिंगरीनं कान झाकले. आवाज थांबेना. मावशींनी तिला कवेत घ्यायला हात पुढे केले, तेव्हा तिच्या गळ्यातली पाण्याची स्टीलची बाटली मावशींच्या कपाळावर बसली. एकदा, मग परत एकदा. मग तिनं सगळा जोर लावून मावशींना ढकललं. तिला आवाजाला ढकलायचं होतं, मध्ये मावशी होत्या. मावशी मागच्या मागे पडल्या त्या जिन्याच्या वळणापर्यंत गेल्या, आणि खांदा अंगाखाली आला. वरून नव्या बाई धावल्या. नव्या बाई म्हणजे त्याच वर्षी लागलेली वर्गशिक्षिका, लहानखुरी पोरगीच. तिनं सगळं पाहिलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

नव्या बाई म्हणाल्या, "भिंगरीनं..."

मावशींनी धड असलेल्या हातानं तिचा गुडघा दाबला. "पायरीवरून पडले."

"आणि कपाळ?"

"कठडा लागला."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. इतक्या वेदनेत बाई शुद्धीवर होती हेच नवल, पण जिभेला सवय झालेली होती. त्या क्षणी त्यांनी ना आईचा विचार केला ना रजेचा. आणि त्या काही खोटं बोलल्या नाहीत हो. पडल्या हे खरंच होतं, कुणी पाडलं तेवढं गाळलं. खांद्याच्या हाडाचे तुकडे झाले होते. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली आणि हात गळ्यात बांधून मावशी घरी आल्या.

काही दिवसांनी शाळेतले क्लार्ककाका बिस्किटांचा पुडा घेऊन भेटायला आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग ते घसा खाकरून म्हणाले, "मावशी, मारहाणीच्या रजेचं तुम्हाला कुणी बोललं का?"

"ती कसली रजा?"

"नवा नियम आहे. कामावर असताना कुणी मारलं आणि दुखापत झाली, तर बरं होईपर्यंत पूर्ण पगारी रजा. आपली साठलेली रजा तशीच्या तशी राहते. तिला कुणी हात लावत नाही."

"आणि पडलं तर?"

काका ओशाळले. "पडलं तर आपली रजा, आपलं नशीब. सध्या तुमची साठलेली रजाच चालू आहे, मावशी. हाडाचं काम, डॉक्टर काही महिने सोडणार नाहीत. बरं होईपर्यंत सगळी संपेल."

 मावशी हळूच म्हणाल्या, "सगळी?"

नवरा कॉटवर उठून बसला. त्याला धाप लागली तरी बोलायचं थांबेना. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! दार लागलं, खिळा लागला! घ्या आता! तुझ्या आईची रजा होती ती!"

"अहो, जरा हळू."

"हळू काय हळू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातेस, आणि वर मारणाऱ्याचं तोंड पुसतेस."

काकांनी मध्ये हात घातला. "अजून दुरुस्ती करता येईल. नव्या बाईंनी पाहिलंय, त्या सांगायला तयार आहेत. तुम्ही दोघींनी खरं काय ते सांगितलं की झालं काम."

"मग भिंगरीचं काय होईल?"

काका बिस्किटाच्या पुड्याकडे बघत राहिले. "मारहाण म्हटलं की मारणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. ते वर समितीपुढे जातं. आणि एवढी मोठी दुखापत असली, की समिती त्या मुलाला शाळेत ठेवत नाही."

"म्हणजे पोरीला गुन्हेगार ठरवलं, तर मला माझ्या आईजवळ बसता येणार?"

"नियम असा आहे, मावशी. मी नाही केलेला."

काय पण नियम! करणारा मोठा शहाणा असला पाहिजे. ज्या वर्गात मारणाऱ्याला आपण मारलं हेच कळत नाही, त्या वर्गातल्या बाईनं आरोपी शोधून आणायचा, मग तिला बरं व्हायला वेळ मिळणार. दुखणं तेच, हाड तेच, पण नाव सांगितलंत तर हक्क आणि नाही सांगितलंत तर नशीब. मावशी मात्र चिडल्या नाहीत. त्यांना चिडायची सवयच नव्हती.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. आईचं खाणं कमी झालं होतं. आईनं फोन हातात घेतला आणि विचारलं, "चिमे, हात कसा आहे?" बरा आहे म्हटल्यावर म्हणाली, "मग ये की गं." मावशींनी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "जाते शाळेत. खरं तेच सांगते. मी काही कुणाच्या तोंडचा घास काढत नाही." हे बोलल्यावर त्यांना स्वतःलाच कसंसं झालं, पण त्या निघाल्या.

मोठ्या बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर भिंगरीचा बाप बसला होता. मालाची गाडी चालवणारा माणूस, हात तेलानं काळे पडलेले. मोठ्या बाईंनी त्याला याच कामासाठी बोलावून घेतलं होतं. भिंगरीची आई कधीच घर सोडून गेलेली, घरात हा एकटा. मावशींना बघून तो उभा राहिला आणि बांधलेल्या हाताकडे बघून त्यानं मान खाली घातली.

मावशींना वाटलं, आता हा हातापाया पडणार. गयावया करणार. त्याची त्यांनी तयारी केली होती. येताना बसमध्ये उत्तरसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

तो म्हणाला, "मावशी, लिहा तुम्ही. तिनंच केलंय. तुमचा हक्क आहे तो. तुम्ही तिच्यासाठी कमी केलं नाहीत. मी काही मनात ठेवणार नाही."

जुळवून ठेवलेलं उत्तर कामाचं राहिलं नाही. "मग तिला कुठे ठेवणार?"

"घरीच."

"तुम्ही गाडीवर गेल्यावर?"

 त्यानं रडगाणं गायलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं एवढंच. "शाळेत यायच्या आधी ठेवत होतो तशी. खोलीत पाणी ठेवतो, खायला ठेवतो, बाहेरून कुलूप लावतो. पहिले काही दिवस दार बडवते. मग सवय होते तिला."

मावशी बाकावर टेकल्या. भिंगरी पहिल्यांदा वर्गात आली, तेव्हा तिच्या बोटांची नखं तुटलेली होती. कशानं तुटली, हे आज कळलं. एवढी वर्षं त्यांनी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात वर्ग सुटला आणि भिंगरी व्हरांड्यातून आली. तिनं मावशींना पाहिलं. त्यांच्या हाताकडे, कपाळावरच्या टाक्यांच्या खुणेकडे तिचं लक्षही गेलं नाही. येऊन त्यांच्यापुढे उभी राहिली आणि रागानं म्हणाली, "मावशी येत नाही! रोज येत नाही! मावशी कुठे गेली?"

"मावशीला बरं नव्हतं गं."

"मावशी वेणी घालत नाही," असं म्हणून तिनं पाठ केली आणि त्यांच्यापुढे फरशीवर मांडी ठोकली. मावशींचा एकच हात चालत होता. एका हातानं वेणी होते होय? त्यांनी बोटांनी केस विंचरले, जमतील तसे मागे घेतले, आणि बापाला म्हणाल्या, "रबर लावा हो जरा." त्या काळ्या हातांनी त्यानं रबर लावलं. 

मोठ्या बाईंनी दार उघडून आत या म्हटलं. मावशी उभ्या राहिल्या. "बाई, काही नाही. मी पडले होते. तेवढं सांगायला आले." भिंगरीमागोमाग आलेल्या नव्या बाई मागे होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. 

नवऱ्यानं घरी जे काय तोंड सोडलं ते सांगण्यात अर्थ नाही. शेवटी धाप लागून तो भिंतीला टेकला आणि म्हणाला, "तुझी आई आहे गं ती. उद्या काय करशील?" मावशी म्हणाल्या, "तोवर काही तरी होईल." हे त्यांनाही खरं वाटत नव्हतं.

हात बरा होईपर्यंत रजा संपली. पुरता बरा झालाच नाही, खांद्याच्या वर उचलेना. तशाच त्या कामावर रुजू झाल्या. एका रविवारी आईला भेटून आल्या. आई मुठीएवढी झाली होती. मावशी परत निघाल्या तेव्हा तिनं त्यांची बाही धरली आणि सोडेना. भावानं एकेक बोट सोडवलं. "पुढच्या रविवारी येते," मावशी म्हणाल्या. पुढच्या रविवारी नवऱ्याला ऑक्सिजन लावावा लागला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. मग त्यांनी मोठ्या बाईंकडे बिनपगारी सुट्टी मागितली. घराचं काय व्हायचं ते होवो म्हणाल्या. मोठ्या बाईंनी मनापासून खटपट केली, पण वरून मंजुरी यायला हवी होती, आणि मंजुरीच्या कागदाची थोडीच आई मरत असते!

मंजुरी यायच्या आत फोन आला. भाऊ एवढंच म्हणाला, "निघ." मावशींनी कुणाला विचारलं नाही. हातातला टॉवेल खुंटीला लावला, भिंगरीला नव्या बाईंच्या शेजारी बसवलं आणि होत्या तशा बसस्टँडवर गेल्या. बसमध्ये सगळा रस्ता त्या मनात एकच म्हणत होत्या, आई थांब गं, आले गं मी.

पोहोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. दारात माणसं होती. भाऊ पुढे आला आणि त्यानं त्यांना मिठीत घेतलं, तेव्हाच त्या समजल्या. आई सकाळी गेली होती.

आत कॉटवर आईला स्वच्छ कपडे घालून निजवलं होतं. केस विंचरलेले होते. अंग पुसलेलं होतं. मावशींना करायला काही म्हणजे काही उरलं नव्हतं. त्या कॉटजवळ उभ्या राहिल्या आणि दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी आईच्या अंगावरची चादर सरळ केली. ती आधीच सरळ होती.

माणसं बाहेर गेल्यावर वहिनी आत आल्या, दार लोटलं आणि त्यांच्याशेजारी बसल्या. "ताई, एक सांगायचंय. रागावू नका."

"बोला, वहिनी."

"काल संध्याकाळी मी आईंचं अंग पुसत होते. डोळे मिटलेले होते त्यांचे. एकदम म्हणाल्या, चिमे, आलीस का? मी काही बोलले नाही. त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, ताई येतायत, निघाल्यात. ते त्यांना ऐकूच गेलं नाही. परत आपलं तेच, चिमे, आलीस का? मग माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, हो आई, आले."

मावशी ऐकत होत्या.

"मग विचारलं, सोडलं का गं शाळेनं? मी म्हटलं, हो, सोडलं. म्हणाल्या, रजा दिली? मी म्हटलं, दिली, भरपूर दिली. आता मी इथंच आहे. तर हसल्या, ताई. इतके दिवस हसल्या नव्हत्या. माझा हात धरला आणि झोपल्या. सकाळपर्यंत सोडला नाही." वहिनींचा आवाज फाटला. "तुमचं होतं ते मी घेतलं. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले. मला काही सुधरेना हो, ताई!"

 मावशींना ओरडावंसं वाटलं की ती जागा माझी होती, एवढी वर्षं मी तिच्यासाठी राखली होती, आणि मीच, माझ्या तोंडानं, दोन शब्दांत घालवली. वहिनींवर राग धरावा तर त्यांच्यावरही धरता येईना. आईला हवी ती लेक मिळाली होती. ती मावशी नव्हत्या, एवढंच.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "कुठला हात धरला होता?"

वहिनींनी उजवा हात पुढे केला. मावशींनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, वाकून गालाला लावला, आणि बाहेरून भावानं हाक मारली तरी सोडला नाही.